फाइल उघडते, मजकूर उघडत नाही

‘कृतीदेव ०१०’ या फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘लातूर’ हा शब्द संगणकाच्या लेखी वाय, के, आर, डब्ल्यू आणि जे अशी पाच इंग्रजी अक्षरे असतो. ‘नांदेड’ म्हणजे यू, के, ए, एन, एस आणि शेवटी मोठा एम. पडद्यावर मराठी दिसते, कारण फॉन्टच्या फाइलीत वायच्या जागी ‘ल’चे चित्र बसवलेले असते आणि मोठ्या एमच्या जागी ‘ड’चे. ती फॉन्टची फाइल यंत्रावर नसली की चित्रे जातात आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. मूळ फाइल शाबूत असते, तिचे नाव शाबूत असते, नावामागचे .डॉक हे एक्स्टेन्शनही जागेवर असते. वर्ड ती विनातक्रार उघडतो. वाचता मात्र एक ओळ येत नाही.

१९९० नंतरच्या वीसेक वर्षांत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत जे मराठीत छापले गेले, त्यातला फार मोठा भाग अशाच फाइलींमध्ये अडकला आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायत निवडणुकीची पत्रके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जनवीसांचे अर्ज, लातूरच्या शिकवणी वर्गांच्या प्रश्नपत्रिका, पदरमोड करून काढलेले कवितासंग्रह, पीएचडीचे प्रबंध. या दोन जिल्ह्यांचा त्या काळचा सामाजिक इतिहास उद्या कोणी लिहायला घेतला, तर त्याला या कागदांपर्यंत पोहोचावे लागेल. कागद विरतात, रद्दीत जातात. फाइली सीडीवर आणि बंद पडलेल्या हार्ड डिस्कवर पडून राहतात. त्या उघडायच्या कशा, हे कळण्यासाठी टिंबानंतरच्या तीन अक्षरांचा आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगच्या फाइलींचा इतिहास माहीत हवा.

ही तीन अक्षरे डॉसच्याही आधीची. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-१० या मोठ्या यंत्रावर फाइलीच्या नावाला सहा अक्षरे मिळत आणि मागे तीन. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास सीपी/एम ही प्रणाली लिहिली, तेव्हा त्यांनी नावाच्या जागा आठ केल्या आणि मागच्या तीन तशाच ठेवल्या. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर आलेल्या डॉसने हीच मांडणी घेतली. डिस्कवर प्रत्येक फाइलीसाठी ३२ बाइटांची एक नोंद असे. त्यातल्या आठ बाइट नावाला, तीन एक्स्टेन्शनला, बाकीच्या तारीख, आकार वगैरेंना. मधले टिंब डिस्कवर लिहिलेच जात नसे. ते फक्त पडद्यावर दाखवले जाई. आठ अक्षरांत गिऱ्हाइकाचे नाव, कामाचा प्रकार आणि कितवे प्रूफ हे सगळे कोंबायचे, ही डीटीपी (डेस्कटॉप पब्लिशिंग) ऑपरेटरची पहिली कसरत होती. तीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीवरची नावे आज कोड्यासारखी वाटतात ती त्यामुळे.

डीटीपी येण्याआधी या भागातल्या लिखाणाने एक मोठे वळण पाहिले होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी दप्तर उर्दूत चाले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, फारसी होती. गावपातळीवर मोडी होती. १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी कारभाराची भाषा ठरली. कचेऱ्यांना मराठी टंकलेखक लागू लागले. गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली होती, रेमिंग्टनचे होतेच. तालुक्याच्या गावीदेखील टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. सरकारी नोकरीची आशा धरून शिकणाऱ्या मुलामुलींची बोटे रेमिंग्टन मांडणीवर तयार झाली, आणि ही तयार बोटेच पुढे संगणकावर मराठी कसे बसेल ते ठरवणार होती.

१९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा काढून लातूर जिल्हा झाला. नवी जिल्हाधिकारी कचेरी आली, नवी जिल्हा परिषद आली आणि त्यांच्याबरोबर टाइप करून हवे असलेले कागद आले. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ म्हणजे प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम, प्रबंध, निमंत्रणपत्रिका. डीटीपीच्या धंद्याला दोन्ही शहरांत बाळसे धरायला याहून चांगला काळ मिळाला नसता.

तोवर छापखान्यात खिळे होते. जुळारी केसमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवी, काना-मात्रांचे तुकडे लावी, आणि छपाई झाली की तोच मजकूर मोडून खिळे परत घरात टाकी. मजकूर टिकवायचा तर छापलेला कागदच टिकवावा लागे. संगणकाने पहिल्यांदा असे आश्वासन दिले की जुळवलेला मजकूर मोडावा लागणार नाही, तो फाइलीत राहील. हे आश्वासन पुढे अर्धेच खरे ठरले.

गंमत अशी की संगणकावरचे सुरुवातीचे मराठी नंतरच्या मराठीपेक्षा शहाणे होते. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात देवनागरी टर्मिनलवर काम झाले. तेच पुढे पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने वाढले. जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसवले की डॉसवरचे प्रोग्रॅम देवनागरीत चालत. या पद्धतीत फाइलीत अक्षराचे चित्र साठवले जात नसे, अक्षर साठवले जाई. त्यासाठी ‘इस्की’ ही भारतीय प्रमाण संकेतावली होती. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने पक्की केली. ‘कि’ टाइप केले तर आधी क आणि मग वेलांटी अशी नोंद होई, उच्चाराच्या क्रमाने. जोडाक्षर कसे दिसावे हे कार्ड ठरवी.

मग विंडोज आले. १९९२ च्या विंडोज ३.१ ने ट्रूटाइप फॉन्ट आणले, .टीटीएफ एक्स्टेन्शनचे, आणि पडद्यावर दिसते तसेच कागदावर उतरू लागले. पेजमेकर, कोरलड्रॉ, वर्ड हे सगळे विंडोजवर धावत होते. त्या विंडोजला देवनागरी ठाऊक नव्हती. त्याला एका वेळी २५६ जागांचे कोष्टक कळे आणि त्या कोष्टकात इंग्रजी अक्षरे होती. भारतीय कंपन्यांनी व्यवहारी मार्ग काढला: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. अर्धा म एका जागी, पूर्ण म दुसऱ्या, काना तिसऱ्या. विंडोजला वाटे आपण इंग्रजी छापतो आहोत. कागदावर मराठी येई. यातून श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी, किरण आणि सी-डॅकची डीव्ही मालिका असे फॉन्ट घरोघरी पोहोचले. प्रत्येकाचे कोष्टक वेगळे. सी-डॅकच्या एकट्या ‘योगेश’ वळणाचे डीव्ही, डीव्हीबी आणि डीव्हीबीडब्ल्यू असे निरनिराळे प्रकार होते. दिसायला अक्षर तेच, आतल्या जागा निराळ्या. एकातला मजकूर निवडून दुसरा लावला की काही अक्षरे तग धरत, काही कोसळत.

कोणाला दोष द्यावा असे यात काही नाही. त्या फॉन्टांमुळेच निलंग्याच्या, देगलूरच्या, उदगीरच्या दुकानदाराला पुण्या-मुंबईकडे न पाहता मराठी पत्रिका काढता आली. पण किंमतही मोठी होती, आणि ती सर्वांत स्पष्ट दिसते अकारविल्हे यादी लावताना.

कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, हाताने लिहिताना काढावी तशी, आणि तिची कळ आहे इंग्रजी एफ. नांदेड जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी या फॉन्टमध्ये टाइप करून संगणकाला क्रमाने लावायला सांगितली, तर किनवट, बिलोली आणि हिमायतनगर ही तिन्ही नावे एकापाठोपाठ येतात, कारण संगणकाच्या दृष्टीने तिन्ही एफने सुरू होतात. लातूर जिल्ह्यातले निलंगा आणि शिरूर अनंतपाळही त्यांच्याच रांगेत जाऊन बसतात. सभासदांच्या, लाभार्थ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या याद्या जिथे अशा फॉन्टमध्ये होत, तिथे त्या हातानेच लावाव्या लागत. जिस्ट कार्डावर हे काम बरोबर होत होते. म्हणजे नव्या यंत्राने छपाई सुधारली आणि संगणकाला मराठी कळणे मात्र मागे नेले.

एक्स्टेन्शनचा अपुरेपणा इथेच उघड होतो. .डॉक एवढेच सांगते की ही फाइल वर्डला द्या. .पीएम५ म्हणजे पेजमेकर ५, .पीएम६ म्हणजे ६, .पी६५ म्हणजे ६.५ आणि .पीएमडी म्हणजे ७. आतला मजकूर श्रीलिपीत आहे की आकृतीत, हे यातले एकही सांगत नाही. फॉन्टचे नाव फाइलीच्या पोटात असते, फॉन्ट स्वतः विंडोजच्या फोल्डरमध्ये असतो, आणि कोणती कळ दाबली की कोणता तुकडा पडतो हे तिसऱ्याच प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये. कित्येक मराठी प्रोग्रॅमना तर संगणकाच्या मागे खोचायचे डोंगल लागे. ते हरवले की टायपिंग बंद.

सेटिंगची फाइल ही वस्तू त्या काळी डोळ्यांना दिसत असे. विंडोज ३.१ मध्ये विन.आयएनआय आणि सिस्टिम.आयएनआय अशा दोन साध्या मजकुराच्या फाइली होत्या. नोटपॅडमध्ये उघडता येत. चौकटी कंसात विभागाचे नाव आणि खाली एकेका ओळीत नाव, बरोबरचे चिन्ह, किंमत. ‘फॉन्ट्स’ नावाच्या विभागात यंत्रावर बसवलेल्या प्रत्येक फॉन्टची ओळ असे आणि समोर .एफओटी या एक्स्टेन्शनची एक छोटी फाइल. ती विंडोजला खरी .टीटीएफ कुठे आहे ते सांगे. ओळ गेली की फॉन्ट डिस्कवर असूनही यादीतून गायब. विंडोज ९५ पासून ही नोंद रजिस्ट्रीत गेली, जी नोटपॅडने उघडता येत नाही. कारभार वेगवान झाला, पण दुकानातल्या माणसाला स्वतः पाहून दुरुस्त करता येण्याजोगी एक गोष्ट कमी झाली.

पेजमेकर ६.५ च्या सवयी पीएम६५.सीएनएफ या फाइलीत राहत: पानाचा आकार, मोजमापाचे एकक, नेहमीचा फॉन्ट. पेजमेकर विचित्र वागू लागला की जाणता ऑपरेटर ही फाइल काढून टाकी. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की ती कोरी तयार होई आणि बहुतेक वेळा दुखणे जाई. वर्डमध्ये हेच काम नॉर्मल.डॉट करी. मार्च १९९९ मध्ये जगभर पसरलेला मेलिसा हा मॅक्रो व्हायरस याच फाइलीत शिरत असे, कारण वर्ड उघडताना ती वाचल्याशिवाय राहत नाही.

मराठी टाइप करणाऱ्यांना वर्डचा सर्वांत मोठा त्रास झाला तो ऑटोकरेक्टचा. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची सेटिंग मुळातच चालू असते. इंग्रजीसाठी ती सोय. कृतीदेवमध्ये लहान ई म्हणजे पूर्ण म आणि मोठा ई म्हणजे अर्धा म. परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘मराठवाडा’ टाइप केले की वर्ड लहान ईचा मोठा करून टाकी आणि कागदावर ‘म्राठवाडा’ उमटे. दुसरी सेटिंग अवतरणचिन्हांची. कृतीदेवमध्ये सरळ एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श. त्याला काना जोडला की पूर्ण श होतो. वर्ड सरळ चिन्हाचे वळणदार चिन्ह करी आणि ‘शासन’मधला श जाऊन तिथे अवतरणचिन्ह आणि दोन काने राहत. टंकलेखकाने अक्षर बरोबर दाबलेले असे. चूक करत होता प्रोग्रॅम, आणि ती बंद करायची जागा मेनूत तीन पायऱ्या खाली होती. नव्या यंत्रावर पहिल्या दिवशी ऑटोकरेक्टच्या खुणा काढून टाकणे हा या फॉन्टांवर काम करणाऱ्यांचा शिरस्ताच पडून गेला.

नांदेडमध्ये हा गुंता एका लिपीपुरता नव्हता. शहरातून ‘प्रजावाणी’ हे मराठी दैनिक निघते तसे ‘वरक-ए-ताजा’ हे उर्दू दैनिकही निघते. उर्दूसाठी १९९४ पासून इनपेज आहे, त्याचे एक्स्टेन्शन .आयएनपी. नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते आणि शब्दागणिक आकार बदलते, म्हणून १९८१ मध्ये तयार झालेल्या नूरी नस्तालीकमध्ये सुमारे २०,००० जोडाकार आधीच काढून ठेवलेले होते, आणि इनपेज त्यांच्यावर उभे राहिले. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे गुरुमुखी, आणि धर्माबाद-बिलोलीच्या बाजूने तेलुगू. तिथल्या २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याला देशविदेशातून माणसे आली, तेव्हा एवढ्या लिप्यांतले फलक एका शहरात लागले. प्रत्येक लिपीचा फॉन्ट वेगळा, कोष्टक वेगळे. अशा ठिकाणी छपाईवाल्यांनी सर्व अडचणींवर एकच उपाय धरला आणि तो आजही धंद्याच्या बोलीत रुळलेला आहे: फाइल कर्व्ह करून आणा. कोरलड्रॉमध्ये मजकुराचे कर्व्ह केले की अक्षरे निव्वळ रेषा होतात. मग समोरच्याकडे फॉन्ट असो वा नसो, फलक बरोबर छापला जातो. मात्र त्या .सीडीआर फाइलीतला मजकूर मजकूर म्हणून तिथेच संपतो. त्यात एक वेलांटी दुरुस्त करायची तरी ती चित्र म्हणून काढावी लागते.

विंडोज ९५ ने २४ ऑगस्ट १९९५ रोजी लांब नावांची मुभा दिली आणि त्याच वेळी ओळखीच्या एक्स्टेन्शनवर पडदा टाकला. ही सेटिंग आजही मुळात तशीच असते. मे २००० मध्ये तिची किंमत जगाने मोजली: प्रेमपत्राच्या नावाने आलेल्या ईमेलमधली फाइल .टीएक्सटी वाटे, पण शेवटचे .व्हीबीएस झाकलेले असे आणि तो प्रोग्रॅम होता. एक्स्टेन्शन झाकणारे हे विंडोज लवकरच नव्या लोकांच्या हाती जाणार होते. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला. शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची मुले पहिल्यांदा संगणकासमोर बसली ती या वर्गांत, आणि ते काम मोठेच होते.

फॉन्टांच्या या सगळ्या गोंधळावरचा पक्का इलाज एव्हाना तयार होता. यूनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची. देवनागरीला तिच्यात १२८ जागा मिळाल्या आणि मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. म्हणजे जिस्टचा शहाणपणा वाया गेला नव्हता. तो जगाच्या कोष्टकात जाऊन बसला होता. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. पण २००१ च्या विंडोज एक्सपीवर मराठी नीट जुळण्यासाठी रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे. त्या खुणेसमोरच्या इंग्रजी वाक्यात गुंतागुंतीच्या लिप्यांचा उल्लेख होता, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भाषांचा होता, थाई भाषेचे तर नाव होते, देवनागरीचे नव्हते. शिवाय खूण केली की विंडोजची मूळ सीडी मागितली जाई, आणि जुळवून घेतलेल्या यंत्राबरोबर ती क्वचितच असे. सात कोटींहून अधिक लोकांच्या भाषेची चावी अशा जागी ठेवलेली असणे ही साधी गैरसोय नव्हती. त्यामुळे कितीतरी वर्षे वाया गेली. २००७ च्या विस्टापासून ही खूण करावी लागेनाशी झाली.

छपाईचा धंदा त्यानंतरही जागेवरच राहिला, आणि त्याला कारण होते. पेजमेकरला यूनिकोड कधीच समजले नाही. २००१ ची ७ वी आवृत्ती शेवटची ठरली. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळू लागल्या त्या २०१२ च्या सीएस६ पासून, आणि तेव्हाही परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला तरच. म्हणजे कचेरीत यूनिकोड आले तरी छापखान्यात जुनाच फॉन्ट, आणि मध्ये रोज रूपांतर.

कचेरीतही सगळे सुरळीत झाले असे नाही. यूनिकोडमधला मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. .सीएसव्ही एक्स्टेन्शनची मराठी यादी एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली आणि एक्सेलने ती जुन्या पाश्चात्त्य कोष्टकाने वाचली, तर पडद्यावर उलट्या मात्रेचा ए, चलनाचे चिन्ह आणि मधूनमधून जपानी येनचे चिन्ह अशी रांग लागते. येन येतो तो दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांच्यामुळे. त्या चिन्हांची दुसरी बाइट येनच्याच जागेवर पडते. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती आयात करून यूटीएफ-८ निवडले की सगळी नावे जागेवर येतात. ती ‘करप्ट’ समजून पुन्हा टाइप करायला बसण्याआधी एवढे करून पाहावे. नोटपॅडनेही मे २०१९ च्या विंडोज १० पासूनच यूटीएफ-८ ही मूळ सेटिंग केली. त्याआधी इशाऱ्याकडे लक्ष न देता ‘एएनएसआय’ म्हणून जतन केलेला मराठी मजकूर प्रश्नचिन्हांची ओळ होऊन बसे, आणि तो मात्र परत येत नसे.

न वाचता येणाऱ्या दप्तराची किंमत मराठवाड्याने एकदा मोजली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकालीन दप्तरे बाहेर निघाली. तेव्हा कळले की कागद आहेत, पण ते उर्दूत आणि मोडीत आहेत, आणि वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. जाणकार शोधावे लागले, भाषांतरे करून घ्यावी लागली. लाखो कुटुंबांचे हक्क ज्या कागदांवर अवलंबून होते, ते तीन पिढ्यांपूर्वी कचेरीतल्या कोणत्याही कारकुनाने सहज वाचले असते. दप्तर जपले गेले होते. वाचण्याची सोय जपली गेली नव्हती.

फॉन्टांच्या बाबतीत उशीर झालेला नाही. कोणता फॉन्ट आहे हे कळले की रूपांतर करता येते; मायक्रोसॉफ्टने टीबीआयएल कन्व्हर्टर दिला, सी-डॅकची साधने आहेत. आकृतीचे काही फॉन्ट तर २००३ मध्येच मुक्त परवान्याखाली दिले गेले. रूपांतरानंतर डोळ्यांखालून घालावे लागते, आणि तेही मराठी नीट जाणणाऱ्याच्या. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य यंत्र सहज रफाराचा र्य करून टाकते, कारण यूनिकोडमध्ये त्यासाठी ऱ हे वेगळे अक्षर घ्यावे लागते. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र वेगळे जोडून लिहिलेला आहे, आणि शोधायला गेले की दोन्ही रूपे एक मानली जात नाहीत. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढवलेल्या मराठी प्रबंधांपैकी जे जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाले, त्यांची पीडीएफ छान वाचता येते, कारण पीडीएफ फॉन्ट पोटात घेऊन फिरते. पण त्यात एखादे गाव शोधले तर सापडत नाही.

कामाची सुरुवात कुठून करायची हे फाइलीच सांगतात. २००७ पासूनची .डॉक्स फाइल ही खरे तर झिप असते. प्रत काढून तिचे एक्स्टेन्शन .झिप केले की आत फॉन्टटेबल.एक्सएमएल आणि सेटिंग्ज.एक्सएमएल अशा फाइली दिसतात. पहिलीत मजकुराला लागणाऱ्या फॉन्टांची नावे साध्या अक्षरांत असतात. जुन्या .डॉकसाठी वर्डच्या पर्यायांमध्ये नसलेल्या फॉन्टांची यादी मिळते. पेजमेकरच्या फाइलींना घाई करायला हवी: इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडत, नव्या उघडत नाहीत, आणि पेजमेकर चालणारी यंत्रे दरवर्षी भंगारात जात आहेत. जुनी सीडी हाती आली की मजकुराच्या आधी तिच्यावरच्या .टीटीएफ फाइली उतरवून घ्याव्यात. पुष्कळ ऑपरेटरांनी कामाबरोबर फॉन्टचे फोल्डरही त्याच सीडीवर ठेवलेले असते.

हे ऑपरेटर आता पन्नाशी-साठीत आहेत. कोणत्या वर्षी कोणता फॉन्ट वापरला, कोणत्या मासिकाचे कोणते अंक कोणत्या डिस्कवर आहेत, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि इतरत्र कुठेही लिहिलेले नाही. नांदेडच्या विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना या दुकानांत पाठवावे, डिस्कांची यादी करावी, फॉन्टची नावे लिहून घ्यावीत आणि मूळ फाइल तशीच ठेवून शेजारी यूनिकोडची प्रत तयार करावी. एका कवितासंग्रहाला एक दुपार लागते, पतसंस्थेच्या दहा वर्षांच्या अहवालांना आठवडा.